पदोन्नतीची पूर्वतयारी

शाळाभेट आटोपून निघण्याच्या वेळी गुरुजी अंमळ बाजूला घेतात व हलक्या आवाजात विचारतात, "साहेब, केंद्रप्रमुखाच्या यादीत माझा नंबर कधी लागेल?" तापीकाठच्या मुडावदापासून दोंडाईच्यापर्यंत शिंदखेडा तालुक्यात हा प्रश्न मला नित्य भेटतो. तो विचारताना संकोचण्याचे काहीच कारण नाही. वीस-वीस वर्षे इमानाने वर्ग सांभाळलेल्या माणसाने वरच्या पदाची इच्छा धरावी, यात गैर ते काय? मात्र प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो, त्यावरून असे दिसते की, पदोन्नती ही पावसासारखी वरून येणारी गोष्ट आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. रिक्त जागा किती निघतील हे आपल्या हाती नाही, हे खरे. परंतु जागा निघेल त्या दिवशी आपण पात्र ठरू की नाही, हे बव्हंशी आधीच्या दहा-पाच वर्षांत ठरून गेलेले असते. त्या वर्षांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम एक घोटाळा दूर करू. बारा वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी यांना पुष्कळजण पदोन्नती म्हणतात. त्या वेतनाच्या पायऱ्या होत. पद बदलत नाही. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या पदांना मात्र निराळी अर्हता व निराळी जबाबदारी आहे. केंद्रप्रमुखाची निम्मी पदे पदोन्नतीने व निम्मी मर्यादित विभागीय परीक्षेने भरावीत, असे शासनाने १ डिसेंबर २०२२ रोजी ठरविले. म्हणजे ज्येष्ठतेची वाट आहे तशीच अभ्यासाचीही आहे.

आता कागदपत्रांची गोष्ट. येथे मला स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. उपशिक्षक असताना मी बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळविली. प्रमाणपत्र घरी आणले, देवापुढे ठेवले, आणि ट्रंकेत बंद केले. त्याची प्रत एका कार्यालयात हातोहात दिली होती. पण पोच घेतली नाही. पुढे तात्पुरती सेवाज्येष्ठता यादी शाळेत आली. सहकाऱ्यांनी सही केली, मीही केली. आपल्या नावापुढील रकाना वाचला नाही. त्या रकान्यात माझी जुनीच अर्हता होती. माझ्या मागून लागलेले दोघे पदवीधर शिक्षक झाले, तेव्हा मी संतापाने कार्यालयात गेलो. लिपिकाने शांतपणे विचारले, "अर्ज कोठे आहे?" प्रतीचा तेथे पत्ता नव्हता, आणि दिल्याचा पुरावा माझ्यापाशी नव्हता. दुरुस्ती झाली, परंतु तीन वर्षे गेली ती गेलीच. कार्यालयाचा दोष होता की नव्हता याचा वाद मी पुष्कळ दिवस मनाशी घातला. आज वाटते की, वाचल्यावाचून केलेली ती सही माझीच होती.

म्हणून, ज्येष्ठता यादी १ जानेवारीच्या स्थितीवर प्रसिद्ध होते तेव्हा आपले नाव, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, प्रवर्ग व अर्हता हे रकाने बोट ठेवून वाचावेत. हरकतीची मुदत थोडी असते. ती उलटली की यादी अंतिम होते, आणि मग उंबरठे झिजवावे लागतात. सेवेत असताना एखाद्या परीक्षेस बसावयाचे तर आधी परवानगी घ्यावी. निकाल लागताच सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी, आणि ती नोंद स्वाक्षरीसह झाल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आपल्यापाशी असावी. मुलांच्या हजेरीत एक खाडाखोड सहन न करणारे आपण, स्वतःच्या नोंदीबाबत मात्र कमालीचे उदार असतो!

याहून कठीण गोष्ट पात्रता परीक्षेची. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षेचे बंधन घातले. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली होती त्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. ज्यांची त्याहून कमी उरली होती त्यांना परीक्षेवाचून निवृत्तीपर्यंत काम करण्याची मुभा दिली. पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा उत्तीर्ण होणे त्यांनाही भाग पडले. त्यानंतरची परिपत्रके ज्याने त्याने कार्यालयात पाहून घ्यावीत. ऐकीव वार्तेवर विसंबू नये.

पंचवीस वर्षे खडू झिजविल्यावर 'तू पात्र आहेस काय?' असे कोणी विचारले, तर मन दुखावते. परीक्षेच्या दालनात शेजारच्या बाकावर आपणच मुळाक्षरे गिरवून घेतलेला विद्यार्थी बसलेला असेल, ही कल्पना तर अधिकच टोचते. ही भावना मी खोटी म्हणणार नाही. तरीही परीक्षेचे स्वरूप नीट पाहिले, तर भीती निम्मी होते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. खुल्या प्रवर्गास नव्वद गुण लागतात. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस गुण आहेत. यांतील कोणता विषय आपण रोज शिकवीत नाही?

बालमानसशास्त्राचा विभाग पाठांतराने सुटत नाही, आणि येथेच जुन्या शिक्षकाचे भांडवल आहे. आपल्याकडे पहिलीत येणारे मूल अहिराणी बोलते. ते 'मना बाप' म्हणते, पुस्तक 'माझे वडील' म्हणते. एक शिक्षक त्याला लगेच 'चूक' म्हणून गप्प बसवितो. दुसरा 'मना'वरून 'माझा'कडे नेतो, आणि कोणत्या मुलाला या वाटेस किती दिवस लागले ते टिपून ठेवतो. मातृभाषा, पूर्वज्ञान, वैयक्तिक भेद यांवरील प्रश्न या दुसऱ्या शिक्षकाला परके वाटणार नाहीत. पुस्तकातील परिभाषा तेवढी त्याला जोडून घ्यावी लागेल. रोज निजण्यापूर्वी आजच्या वर्गातील एका अडचणीला शास्त्रात काय नाव आहे ते पाहावे. माझ्या परिचयातील एका भगिनीने असेच केले, आणि दुपारच्या सुटीत गणिताची दहा उदाहरणे स्वतः सोडविण्याचा नेम ठेवला. गणिताची त्यांना फार धास्ती होती.

वयाची सबब सांगणाऱ्यांनी अनुताई वाघ यांचे चरित्र वाचावे. बालविधवा झालेल्या या बाई व्हर्नाक्युलर फायनल होऊन शिक्षिका झाल्या. दिवसा शिकवून, रात्रशाळेत शिकून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पुढे ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम चालू असतानाच १९६१ साली त्यांनी पदवी घेतली. तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न होते.

आता पदाविषयी. पदोन्नती मिळाल्यावर गाव दूरचे आले म्हणून ती नाकारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. घरी आजारी आईवडील असतील, तर त्या नकाराला कोण नावे ठेवील? परंतु नकाराचे पुढे काय परिणाम होतात ते नियमात वाचून मगच लेखी द्यावे. आणि होकार देणाऱ्यानेही एक गोष्ट जाणावी. केंद्रप्रमुखाला स्वतःचा वर्ग नसतो. दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून, शिकविणाऱ्याचा अवमान न करता त्याची उणीव त्याला दाखविणे, हे त्याचे काम. माहितीची कोष्टके आणि तातडीचे निरोप यांतून उरलेल्या वेळात ते करावे लागते. पद मिळाल्यावर पहिले सहा महिने मला आपला चौथीचा वर्ग इतका आठवे की, भेटीस गेलेल्या शाळेत मीच खडू उचलून शिकवू लागे, आणि बिचारे गुरुजी बाजूला उभे राहत. एका वयस्क मुख्याध्यापकांनी मला शाळेबाहेर नेऊन हळूच सांगितले, "साहेब, आता तुम्ही बसा, त्यांना शिकवू द्या."

ज्यांचा विचार अजून पक्का होत नसेल, त्यांनी रीतसर परवानगी काढून एक दिवस आपल्या केंद्रप्रमुखांबरोबर दोन शाळा फिरून पाहाव्यात. सोबत वही न्यावी.