घाटावरची ती संध्याकाळ आणि आपली स्मृती

७ डिसेंबर २०१० रोजी वाराणसीच्या दशाश्वमेध घाटाला लागून असलेल्या शीतला घाटावर, गंगा आरती चालू असताना बॉम्बस्फोट झाला. एका चिमुकलीचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. समजा, तुम्ही त्या पायऱ्यांवर बसला होता. त्या सकाळी काय खाल्ले, हे आज आठवणार नाही. पण घंटा, धूर, कापराचा वास आठवेल. असे का?

भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रेनलिन स्रवते. मेंदूतील बदामाच्या आकाराचा अमिग्डाला जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो, ‘हे पक्के जपून ठेव.’ म्हणूनच पुढे घरच्या देव्हाऱ्यात कापूर लावला तरी छाती धडधडते. ‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मेंदूला तसे बटण नाही. (आठवण ठळक आहे म्हणजे तिचा प्रत्येक तपशील खरा, असेही नाही.)

भीतीच्या जागी पुन्हा पुन्हा सुखरूप जाऊन आल्यावर मेंदू जुनी आठवण पुसत नाही. तिच्या शेजारी नवी, निर्धास्त आठवण रचतो. घाटावर आरती आजही रोज संध्याकाळी होते. मात्र तुमची झोपच उडाली असेल, तर हे एकट्याने करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि जाताना घरचे कोणी सोबत घ्या.