घरचा संगणक बिघडतो तेव्हा

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाच्या बिघाडांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. या विषयाकडे मी आवडीने वळलो नाही. एका नुकसानीने मला वळवले. प्रथम ती हकीकत सांगतो, कारण पुढील सर्व विवेचनाचा पाया तीच आहे.

आमच्या पंचक्रोशीत १९७२ चा दुष्काळ प्रत्यक्ष सोसलेली वृद्ध माणसे होती. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली, रेशनवरील मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढलेली. सुट्ट्यांमध्ये त्यांच्या दारी जाऊन मी एकवीस जणांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या घरच्या संगणकाच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवल्या. पुढे एके दिवशी त्या संगणकावर संकेतस्थळे उघडेनाशी झाली. 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा सर्वत्र येऊ लागला. मी संगणक दुरुस्तीसाठी एका दुकानात नेला. दुकानदाराने सांगितले, "सर, विंडोज नवीन मारावी लागेल." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरळीत चालू स्थितीत घरी आला. चार दिवसांनी तोच इशारा पुन्हा दिसू लागला.

तेव्हा आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील दिनांकाकडे बोट दाखवले. तो कित्येक वर्षे मागे गेलेला होता. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली होती, इतकाच काय तो बिघाड. ती बदलताच सर्व पूर्ववत झाले. मात्र परीक्षांची गडबड संपल्यावर, महिन्याभराने, मी तो फोल्डर शोधू लागलो आणि तो कोठेच नव्हता. ज्या बिघाडाशी विंडोजचा काडीचाही संबंध नव्हता, त्यासाठी विंडोज नव्याने घातली गेली आणि त्यात एकवीस माणसांचे आवाज पुसले गेले. त्यांतील बहुतेक जण आज हयात नाहीत.

दोष केवळ दुकानदाराचा नव्हता. त्याने विचारले नाही, हे खरे. पण मीही सांगितले नाही. इतिहासाच्या वर्गात 'पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका' असे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाने आपल्या घरातील यंत्राबाबत मात्र पहिलाच निष्कर्ष स्वीकारला.

निदानाची चार सूत्रे

पहिले सूत्र : नोंद करा. पडद्यावर आलेला इशारा घाईने बंद करू नये. मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये अडकलेला एक पतंग तेथील तंत्रज्ञांना सापडला. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच लावून ठेवला. ती नोंदवही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. बिघाडाला 'बग' म्हणण्याचा प्रघात या घटनेपासून पडला, असे सांगितले जाते ते बरोबर नाही. तो शब्द त्याआधीही वापरात होता. आपण घ्यायचा तो बोध वेगळाच आहे : बिघाड सापडला की त्याची नोंद राहिली पाहिजे.

दुसरे सूत्र : 'अलीकडे काय बदलले?' हा प्रश्न विचारा. नवे सॉफ्टवेअर घातले का, घर बदलले का, वीज गेली होती का, मुलांनी एखादी वायर काढली का? बहुसंख्य बिघाडांचे मूळ या उत्तरात असते.

तिसरे सूत्र : एका वेळी एकच बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कोणत्या उपायाने झाले हे कळत नाही. आणि बिघाड परतला की पुन्हा अंधार.

चौथे सूत्र : सोपे व बिनखर्ची उपाय आधी, मोठे आणि न परतवता येणारे उपाय सर्वांत शेवटी. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे.

संगणक सुरूच होत नाही

आरंभ भिंतीपासून करावा. त्याच प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहावे. मग एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस आणि कॅबिनेटच्या मागील बाजूची वायर तपासावी. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण साधारण अर्धा मिनिट दाबून धरावे, सोडावे आणि चार्जर लावून पुन्हा सुरू करावे.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी मॉनिटरची वायर दोन्ही टोकांनी घट्ट आहे का ते पाहावे. तरीही चित्र नसेल आणि आतून 'बीप' असे आवाज येत असतील तर रॅम सैल झाल्याचा किंवा तिच्या टोकांवर मळ बसल्याचा संभव असतो. पावसाळ्यानंतर किंवा संगणक हलवल्यानंतर असे होते. विजेची वायर पूर्णपणे काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच घासावीत, रबराचा चुरा झटकावा आणि खटका बसेपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवावी. वॉरंटी चालू असलेल्या यंत्राचे झाकण मात्र उघडू नये. आणि वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कोणीही घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

दिनांक मागे जातो

माझे नुकसान ज्याने झाले तो हा बिघाड. मदरबोर्डवर बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाची ३ व्होल्टची बॅटरी असते. क्रमांकातच तिचे माप दडले आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. विजेचे मुख्य बटण बंद असताना संगणकाचे घड्याळ या बॅटरीवर चालते. ती संपली की बटण बंद करताच घड्याळ जुन्या दिनांकावर जाते.

आता संकेतस्थळांचा याच्याशी काय संबंध? प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते व ते अमुक दिनांकापासून तमुक दिनांकापर्यंत वैध असते. आपला संगणक ती वैधता स्वतःच्या घड्याळावर पडताळतो. घड्याळ मागे असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला 'अजून लागू न झालेले' दिसते आणि तो दार बंद करतो. म्हणून असा इशारा आला की प्रथम दिनांक पाहावा. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

संगणक मंद चालतो

बंद करून सुरू करणे आणि 'रीस्टार्ट' करणे यांत फरक आहे. विंडोज १० व ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच उचलली जाते. 'रीस्टार्ट' मध्ये सर्व नव्याने सुरू होते. त्यामुळे पुष्कळ तक्रारी केवळ रीस्टार्टने मिटतात.

तरी न मिटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कोणाचा वापर सतत शंभर टक्क्यांजवळ आहे ते पाहावे. मेमरी भरलेली असेल तर ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली पाने कमी करावीत. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी अनावश्यक सॉफ्टवेअर तेथेच 'स्टार्टअप' विभागात बंद करता येतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर रिसायकल बिन व तात्पुरत्या फाइली साफ कराव्यात. डिस्क सतत व्यग्र असेल आणि संगणक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वांत गुणकारी खर्च होय. नवा संगणक घेण्यापूर्वी त्याचा विचार अवश्य करावा.

येथेच एक सूचना. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी पुढील प्रणालीचा निर्णय लांबवू नये. यंत्र विंडोज ११ साठी पात्र नसेल तर लिनक्सचा पर्याय आहे आणि तो विनामूल्य आहे.

इंटरनेट आणि प्रिंटर

इंटरनेट बंद पडले तर दोष कोणाचा हे आधी ठरवावे. मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायला जोडावा. मोबाइलवर पाने उघडली तर दोष संगणकात. न उघडली तर राउटरमध्ये किंवा बाहेरच्या वाहिनीत. राउटर एक मिनिट बंद ठेवून सुरू करावा. फायबरच्या राउटरवर 'एलओएस' हा दिवा लाल दिसत असेल तर प्रकाशसंकेतच घरापर्यंत पोहोचत नाही. संगणकाशी झटापट न करता सेवा देणाऱ्या कंपनीला कळवावे.

प्रिंटरची नेहमीची अडचण म्हणजे अडकलेली रांग. एक छपाई अडली की मागच्या सर्व थांबतात आणि आपण पुन्हापुन्हा 'प्रिंट' दाबून ती रांग वाढवत राहतो. प्रिंटर बंद करावा, रांगेतील सर्व आज्ञा रद्द कराव्यात, 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करावा आणि मगच प्रिंटर सुरू करावा. छपाई भलत्याच प्रिंटरकडे किंवा पीडीएफकडे तर जात नाही ना, हेही पाहावे.

मराठी मजकुराची अक्षरे बदलतात

हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या घरी विशेष. दहा-पंधरा वर्षांपूर्वी टंकलिखित केलेली आत्मकथा, लग्नपत्रिका किंवा संस्थेचे इतिवृत्त उघडावे आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसावीत! पुष्कळजण 'व्हायरस लागला' असे समजून ती फाइल पुसून टाकतात. कृपया तसे करू नये. फाइल शाबूत असते.

कारण असे : श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक आतून रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवत असे; फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार रंगवलेले असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच राहतो. उपाय दोन आहेत : तोच जुना फॉन्ट मिळवून बसवावा, किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मग मूळ प्रतीशी ताडून वाचावा, कारण परिवर्तनात जोडाक्षरे व रफार चुकतात. नवे लेखन आरंभापासून युनिकोडमध्येच करावे. मराठी कळफलक एकदा जोडला की विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

भीती दाखवणारा पडदा

अचानक संपूर्ण पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, 'तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा' असे दिसते. हा बिघाड नसून फसवणूक आहे. त्या क्रमांकावर फोन करू नये, कोणाच्या सांगण्यावरून संगणकाचा दूरस्थ ताबा देणारे ॲप घेऊ नये आणि ओटीपी सांगू नये. ऑल्ट आणि एफ-४ दाबून ते पान बंद करावे. न झाल्यास टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा. पैसे गेलेच तर संकोच न करता तात्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

फॉरमॅटपूर्वी

डेस्कटॉप आणि 'डॉक्युमेंट्स' सामान्यतः सी ड्राइव्हवर असतात, आणि विंडोज नव्याने घालताना प्रथम तोच पुसला जातो, हे मला फार उशिरा कळले. विंडोज सुरू होत नसली तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून, यूएसबी केसिंगमध्ये घालून, दुसऱ्या संगणकाला जोडली तर फाइली उतरवून घेता येतात. म्हणून दुरुस्तीला देताना कागदावर लिहून द्यावे : 'फाइली काढून घेतल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' चुकून फॉरमॅट झालाच तर त्या क्षणापासून संगणक वापरणे थांबवावे. फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेले काही काळ परत मिळू शकते. नवे लेखन त्यावर पडले की ते कायमचे जाते. एसएसडीवर आशा त्याहूनही कमी असते. मी महिनाभर त्याच संगणकावर प्रश्नपत्रिका टंकलिखित करीत बसलो होतो.

मौल्यवान गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. एकवीस मुलाखतींपैकी दोन आज उपलब्ध आहेत. एका आजींची नात आणि एका आजोबांचा मुलगा यांनी आपल्या माणसाचा आवाज म्हणून त्या माझ्याकडून पेन ड्राइव्हवर मागून नेल्या होत्या. त्या वेळी मला वाटले होते की मी त्यांच्यावर उपकार करीत आहे.

स्वाध्याय

१. या आठवड्यात आपल्या संगणकाचा डेस्कटॉप पाहावा आणि गेल्यास परत न मिळणाऱ्या फाइलींची यादी करावी.
२. त्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर वा बाह्य डिस्कवर घ्यावी आणि दुसरी घराबाहेरील विश्वासू व्यक्तीकडे अथवा ऑनलाइन साठवणीत ठेवावी.
३. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.
४. संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. बिघाड, दिनांक आणि उपाय तीत लिहावा.
५. घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज अद्याप मुद्रित केला नसेल तर तो करावा. आणि मग पुन्हा स्वाध्याय क्रमांक दोनकडे वळावे.