काढता येईल असा उजेड

"कठड्याला हात लावला की मुंग्या येतात गं," असं आई तीन दिवस सांगत होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मान अवघडली असेल. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी त्यांना जीवनसत्त्वाची गोळी आणून दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही घाईत होतो, कुणी उत्तरच दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी रात्रभराच्या पावसानं टेरेस ओली होती. आई अनवाणी तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि तोल सांभाळायला त्यांनी कठडा धरला. हात सुटेना. ओरडताही येईना. पाय दुमडून त्या खाली बसल्या, त्यांच्या वजनानं हात ओढला गेला, म्हणून वाचल्या. हृदयाचा आलेख नीट निघाला, पण उजवा हात पुढे आठवडाभर बधिर होता.

हे जून महिन्यातलं. ज्या माळेनं हे केलं ती आम्ही वसुबारसेला लावली होती. मधले सात-आठ महिने ती तिथेच होती.

आमचं घर पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला लागून चौदा बाय आठ फुटांची टेरेस, तिला तीन बाजूंनी लोखंडी पाइपाचा कठडा. तिन्ही बाजू मिळून साधारण नऊ मीटर. दिवाळीत कठड्यावर माळ सोडायची आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवायची, असं ठरलेलं होतं. पण त्या वर्षी माळ फार पक्की बसवली. घर बांधताना उरलेली बाइंडिंग वायर होती, तिचे पीळ देऊन वीतभर अंतरावर माळ आवळली. जिथे ती नीट बसेना तिथे पाइपला ड्रिलनं चार भोकं पाडली. उतरवायची म्हणजे पक्कड घेऊन चाळीसेक पीळ सोडवायचे. म्हणून आज राहिलं, उद्या राहिलं, आणि मग नाताळ आहे, पाडवा आहे, राहू दे.

उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत त्या वायरीवरचं प्लॅस्टिक कडक झालं. वाऱ्यानं माळ हलत होती आणि तारेचा पीळ त्या प्लॅस्टिकमध्ये रुतत होता. एका ठिकाणी तो आतल्या तांब्यापर्यंत पोचला. आता एका बाजूला 230 व्होल्टची वायर, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि दोघांना जोडणारी आम्हीच बांधलेली तार. कोरड्या दिवसांत हे कळलं नाही. पाय कोरडे, फरशी कोरडी, पायात चप्पल. पावसानं फरशी भिजली आणि विजेला माणसातून जमिनीत जायला वाट मिळाली.

तुम्ही विचाराल, सकाळी माळ चालू कशाला होती? चालू नव्हती. रात्री झोपताना आम्ही बोर्डचं बटण बंद करत होतो. वायरमन आला तेव्हा खरी गोष्ट कळली. माळ एका एक्स्टेन्शन बोर्डला लावलेली होती आणि त्या बोर्डची पिन दोन काड्यांची होती, म्हणजे सॉकेटमध्ये कशीही उलटसुलट बसते. ती उलटी बसली होती. त्यामुळे बटण फेज तोडण्याऐवजी न्यूट्रल तोडत होतं. दिवे विझत होते, पण अख्ख्या माळेत वीज तशीच उभी होती. भिंतीवरचं बटण आम्ही कधी बंद केलंच नाही, कारण त्याच बोर्डवर इंटरनेटचा डबाही होता. दिवा विझला म्हणजे वीज गेली, हा समज कृपा करून मनातून काढून टाका. बाहेरच्या कुठल्याही माळेला हात लावण्याआधी पिन सॉकेटमधून उपटून बाजूला ठेवायची.

दुसरा प्रश्न मी स्वतःच वायरमनला विचारला. मुख्य बोर्डातला खटका पडला कसा नाही? तो एमसीबी होता, सोळा अँपिअरचा. त्याचं काम वायरिंग जळू न देण्याचं. सोळा अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर, आणि माणसाच्या हाताचे स्नायू आखडून मूठ न सुटायला दहा-पंधरा मिलिअँपिअर पुरतात. एमसीबीच्या दृष्टीनं आईंच्या अंगातून जाणारा प्रवाह एखाद्या छोट्या दिव्याएवढासुद्धा नव्हता. त्याच्या जोडीला आरसीसीबी लागतो. घरात आलेला प्रवाह तेवढाच परत जातोय का, हे तो सतत तोलत असतो आणि 30 मिलिअँपिअरची गळती झाली की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. आमच्या जुन्या इमारतीत तो नव्हता. त्याच आठवड्यात बसवला. त्यावर चाचणीचं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला तर तो जागा आहे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. कठड्याला अर्थिंग द्यायचं की नाही, हेही त्यालाच ठरवू द्या.

इतकं झाल्यावर पुन्हा दिवे लावायचेच कशाला, असं मी म्हणत होते. आईच म्हणाल्या, "दिवाळीत टेरेस अंधारी नको. पण नीट काहीतरी करा."

नीट करण्याचा पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगते, कारण बहुतेक घरांत हीच चूक होते. कमी व्होल्टेजवर जायचं एवढं आम्हाला समजलं होतं. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीची पाच-पाच मीटरची दोन रिळं आणि ॲडाप्टर आणला. पट्टीच्या मागचा चिकट कागद सोलून ती कठड्याच्या वरच्या अंगाला चिकटवली. ॲडाप्टर हॉलमध्ये, तिथून दहा मीटर बारीक वायर बाहेर. पहिल्याच संध्याकाळी दिवे पिवळट आणि मंद. दूरच्या टोकाला तर नुसती धुगधुगी. मीटर लावला तर बाराऐवजी जेमतेम साडेनऊ व्होल्ट पोचत होते.

याचा हिशोब सोपा आहे आणि तो दुकानात जाण्याआधी करावा. आमची पट्टी मीटरला 4.8 वॅटची. नऊ मीटरचे झाले सुमारे 43 वॅट. बारा व्होल्टवर त्याला साडेतीन अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीतून एवढा प्रवाह दहा मीटर नेऊन परत आणायचा, तर दोन-अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तीच पट्टी 24 व्होल्टची घेतली तर प्रवाह निम्मा होतो. वायर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतली की घट अर्ध्या व्होल्टवर येते, जी डोळ्यांना कळतसुद्धा नाही. शिवाय वीज एका टोकाला देण्यापेक्षा कठड्याच्या मध्यावर द्यावी, म्हणजे दोन्ही हातांना सारखी पोचते. आणि 43 वॅटला 45 चा ॲडाप्टर घेऊ नका, 60 चा घ्या. पूर्ण क्षमतेवर तासन्तास चाललेला ॲडाप्टर तापतो. त्यावर मानक ब्यूरोची खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. 230 व्होल्ट आणि 24 व्होल्ट यांच्यामध्ये भिंत म्हणून तोच एक उभा असतो, तिथे स्वस्त माल आणू नये. तो घरात, कोरड्या जागी राहील. बाहेर फक्त कमी व्होल्टेजची वायर जाईल.

चिकटपट्टी मार्चमध्येच सुटली. धूळ बसलेल्या, उन्हानं तापलेल्या ऑइलपेंटवर ती टिकत नाही, आणि जिथे टिकते तिथून काढताना रंगासकट निघते. शिवाय दिवे कठड्याच्या वर होते, त्यामुळे खुर्चीत बसलं की उजेड थेट डोळ्यांत आणि समोरच्या घराच्या बेडरूममध्ये.

तेव्हा आम्ही काम उलट्या बाजूनं धरलं. हे कसं बसेल हा विचार नंतर. हे निघेल कसं, हे आधी. अटी घातल्या त्या अशा: एका माणसाला, स्टुलावर न चढता, कठड्याबाहेर न वाकता, कुठलंही हत्यार न वापरता, दहा मिनिटांत सगळं उतरवता आलं पाहिजे. कठड्याला एकही नवीन भोक नाही. यातली बाहेर न वाकण्याची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्या मजल्यावर एका हातानं दिवा आणि दुसऱ्या हातानं कठडा धरून बाहेर झुकलेली माणसं मी दर दिवाळीत पाहते आणि माझ्या पोटात गोळा येतो.

भोकांबद्दलही सांगायला हवं. कठड्याचा पाइप पोकळ असतो. भोकातून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते, आणि पाइप आतून गंजतो. वरचा रंग चकचकीत राहतो. आमच्या चार भोकांपैकी एका ठिकाणी दोन वर्षांनी बोट दाबलं तर पत्रा आत गेला. ज्या कठड्यावर घरातली मुलं भार टाकतात, तो आपण दिव्यांसाठी पोखरला होता. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करून घेतला.

आता जे आहे ते असं. ॲल्युमिनियमच्या एक मीटर लांबीच्या पन्हळी मिळतात, वर दुधी प्लॅस्टिकचं झाकण असलेल्या. अशा नऊ घेतल्या आणि प्रत्येकीत मीटरभर पट्टी बसवली. चोवीस व्होल्टची पट्टी कुठेही कापून चालत नाही. तिच्यावर ठरावीक अंतरानं कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना आटे असलेले जलरोधक जोड लावले, एकीकडे नर, एकीकडे मादी, म्हणजे तुकडे एकमेकांत उलटे जातच नाहीत. खरेदी करताना आयपी आकडा बघा. त्यातला दुसरा अंक पाण्यासाठी असतो: 4 म्हणजे शिंतोडे, 5 म्हणजे पाण्याचा फवारा, 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. उघड्या टेरेसवर जोडासाठी 67 घ्यावा, कारण पाणी पट्टीत शिरण्याआधी जोडात शिरतं.

कठड्यावर बसणारी क्लिप मात्र घरीच केली आणि तीच या सगळ्यातली आवडती गोष्ट आहे. कठड्यापेक्षा थोडा मोठा पीव्हीसी पाइप घेतला, त्याच्या दोन बोटं रुंदीच्या चकत्या कापल्या आणि प्रत्येक चकतीचा तिसरा हिस्सा काढून टाकला. इंग्रजी 'सी'सारखा आकार उरतो. आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली. ही चकती कठड्यावर दाबली की टक् करून बसते आणि ओढली की निघते. पन्हळ तिला स्टेनलेसच्या बारीक स्क्रूनं जोडलेली आहे, म्हणजे स्क्रू पीव्हीसीत आहे, कठड्यात नाही. रबरामुळे रंगाला ओरखडा पडत नाही आणि पन्हळ घसरत नाही. लोहचुंबक लावावेत असं कुणी सुचवलं तर आधी कठडा तपासा. लोखंडाला ते धरतात, पण आता नव्या इमारतींत जो 304 प्रतीच्या स्टेनलेसचा कठडा असतो त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही.

पन्हळी वरच्या पाइपाच्या खालच्या अंगाला येतात, तोंड जमिनीकडे. दिवा दिसत नाही, फरशीवर पडलेला उजेड तेवढा दिसतो. रंग पिवळसर घेतला, 2700 केल्व्हिनचा. पांढऱ्याशुभ्र उजेडापेक्षा त्यावर किडेही कमी येतात. वायर उभ्या गजाच्या मागून सरळ खाली उतरवली. दोन गजांमध्ये आडवी ताणली नाही, कारण लहान मूल तिला पायरी समजतं. वायर भिंतीच्या भोकातून घरात शिरते तिथे आधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, वायरीवरून आत येत नाही.

रत्नागिरीच्या माझ्या बहिणीनं हेच तिच्या पडवीच्या कठड्याला केलं, पण तिथे खारा वारा आहे. तिच्या 304 च्या स्क्रूंवर एका पावसाळ्यात तांबूस डाग आले. तिनं ते बदलून 316 प्रतीचे घेतले आणि जिथे ॲल्युमिनियमला स्टेनलेस टेकतं तिथे मध्ये रबराची चकती घातली. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. किनारपट्टीला राहणाऱ्यांनी हा खर्च पहिल्यांदाच करावा.

आणखी एक. कठडा, नळ, गिझर, धुण्याचं मशीन, कशालाही हात लावल्यावर घरातल्या कुणी "मुंग्या आल्या" म्हटलं, मग ते म्हातारं माणूस असो, मूल असो की कामाला येणाऱ्या मावशी, तर त्याच क्षणी मुख्य खटका पाडा आणि वायरमनला बोलवा. त्यांच्या वयाचा किंवा दुखण्याचा विचार त्यानंतर करा. आमचे ते तीन दिवस मला अजून रात्री आठवतात.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळं उतरवतो. पिन उपटायची, जोड सोडायचे, पन्हळी ओढून काढायच्या, ओल्या कपड्यानं पुसायच्या. भिंतीतून बाहेर आलेल्या वायरीच्या तोंडावर रबरी टोपण. गेल्या वर्षी घड्याळ लावलं तर आठ मिनिटं लागली. सगळं आकाशकंदिलाच्या खोक्यात जातं. खोक्याच्या झाकणावर आईंनी मार्करनं लिहून ठेवलंय: "नळ्या नऊ. क्लिपा अठरा. वायर एक. टोपण एक. मोजून ठेवणे."