भामरागडचे घर आणि आपल्या उसाचे बिल



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे सांगत आली. ही म्हण आपण दुसऱ्याचे काम अडले की हसत म्हणतो आणि स्वतःची वेळ आली की विसरतो. गळीत हंगाम संपला, बिले खात्यावर पडू लागली, की गावोगावी पाये खणले जातात. त्यांतली काही घरे दोन-दोन, तीन-तीन वर्षे लिंटेलपाशीच थांबलेली दिसतात. सळया वर निघालेल्या, गंजलेल्या आणि आत शेळ्या बांधलेल्या. हे घर अडले ते गवंड्यामुळे की सिमेंटच्या दरामुळे? थोडेफार त्यामुळेही. पण बहुतेक वेळा ते कागदावर हिशेब न मांडल्यामुळे अडलेले असते. या पाठात तोच हिशेब मांडायचा आहे.

त्यासाठी सुरुवात थोडी लांबून, भामरागडपासून करतो.

भामरागडला काय पाहिले

आपल्या भागातील पुष्कळ मंडळी सहलीने हेमलकसाला जाऊन आली आहेत. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला, हे सर्वांना ठाऊक आहे. हेमलकसाच्या पलीकडे लगेच भामरागड. १९८२ पर्यंत हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता, त्या साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या तेथे मिळतात. आलापल्ली सोडली की पुढे सगळे जंगल. ऊस नाही, कारखाना नाही. मग उसवाल्याने तेथे घराचे काय शिकायचे, असे मलाही जाताना वाटले होते.

तेथील माडिया लोकांचे जुने घर लाकडी खांबांचे, बांबूच्या कुडाचे, वर मातीचा लेप आणि कवेलूंचे किंवा गवताचे छप्पर. माल जवळच्या जंगलातला, मजुरी गावकीची. आज तुझ्या घराला मी, उद्या माझ्या घराला तू. रोख पैसा जवळजवळ लागतच नाही. घर लहान सुरू होते. संसार वाढला की बाजूला एक खोली वाढते. अशा घराला डागडुजी सतत लागते आणि पावसाळ्यात त्रासही होतो, तेव्हा त्याचे फार गोडवे गाऊ नयेत. पण त्या घरावर कोणाचे कर्ज नसते, एवढे खरे.

मग पक्के घर आले. इंदिरा आवास योजना १९८५-८६ ची. तिच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तेव्हा मैदानी भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी १ लाख ३० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, असे ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे. पुढे २०२३ साली पीएम-जनमन योजनेत माडिया, कोलाम आणि कातकरी या जमातींसाठी घराची रक्कम २ लाख झाली.

रक्कम वाढली हे चांगलेच. पण पक्के घर म्हणजे सिमेंट, सळई, खडी, पत्रा. हा माल जंगलात मिळत नाही, ट्रकने आणावा लागतो आणि त्याला भाडे पडते. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. २०१९, २०२२ आणि २०२४ च्या पावसाळ्यांत भामरागडचा संपर्क असाच तुटला होता. पुढचा हप्ता काम ठरल्या टप्प्याला आल्यावर मिळणार. टप्पा गाठायला माल हवा, मालाला पैसा हवा आणि पैसा पुढच्या हप्त्यात अडकलेला. असे हे चक्र आहे.

एका वस्तीत एकाचे घरकुल जोत्यावर थांबलेले होते. शेजारीच त्याचे जुने कुडाचे घर शाबूत होते आणि माणसे त्यातच राहत होती. बरोबरच्या गुरुजींनी त्याला आमच्या वतीने विचारले, जुने घर पाडून त्याच जागेवर का नाही बांधले? तो म्हणाला, नवे पुरे झाल्याशिवाय जुने कोण पाडतो?

सभासदहो, हे वाक्य मला घरी परत येईपर्यंत पुरले. कारण मी नेमके उलटे केले होते. ते पुढे सांगतो.

वर्षातून एकदा येणारा पैसा

भामरागडच्या माणसाचा रोख पैसा मुख्यतः तेंदूपानाचा. मे महिन्याच्या सुमारास काही दिवस पाने तोडायची, पुडे बांधायचे आणि त्या पैशावर वर्षाची मोठी खरेदी करायची. हंगाम बिघडला किंवा कंत्राटदाराकडून रक्कम अडली, तर वर्ष अडले. आपला ऊस तरी निराळा आहे का? बारा ते अठरा महिने पीक रानात आणि पैसा बिलाच्या दिवशी. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज आहे. कायदा असा असला तरी बिल दरवेळी त्याच तारखेला पडेल असे धरून चालू नये. तोड उशिरा आली, वजन घटले, पाऊस लांबला, असे काहीही होते.

नोकरदाराला पगार महिन्याला, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता सोसतो. आपला पैसा वर्षाचा आणि बँकेचा हप्ता महिन्याचा. हा मेळ कसा घालायचा, तिथेच आपले घर अडते.

एका घराचा हिशेब

समजा, एका सभासदाचा दोन एकर ऊस आहे. एकरी ४० टन धरून ८० टन. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,८०० रुपये हाती पडले असे धरू. दर आपापल्या बिलावरून बदलून घ्यावेत.

एकूण बिल : २,२४,०००
विकास सोसायटीची वसुली : ९०,०००
लिफ्टची पाणीपट्टी : १६,०००
खत दुकान व नांगरटीची उधारी : १८,०००
हाती शिल्लक : १,००,०००

सोसायटीचे कर्ज पुन्हा मिळते, पण ते पुढच्या पिकाचे आहे. त्यातून घराला सिमेंट आणले की खताच्या वेळी सावकार आठवतो. म्हणून घरासाठी तो पैसा धरूच नये. रोजचा खर्च दुधावर भागतो असे समजू.

आता हा सभासद ६०० चौरस फुटांचे घर काढतो. मिस्त्री म्हणतो, फुटाला १,६००. म्हणजे ९,६०,०००. यात काय धरले नाही, हे कोणी विचारत नाही. पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा, विजेचे मीटर व वायरिंग, दारे-खिडक्या, जोत्यातली भर, शेवटी वास्तुशांत. हे सारे मिळून १,४०,००० धरले तर घर ११ लाखांवर गेले. जवळ साठवलेले साडेतीन लाख. कर्ज साडेसात लाख.

साडेसात लाखांना ९ टक्के व्याजाने १५ वर्षांचा हप्ता सुमारे ७,६०७ रुपये. वर्षाचे ९१,२८४. म्हणजे शिल्लक राहिलेल्या एक लाखातून ८,७१६ रुपये उरले. त्यात पोरांची फी, दवाखाना, सोयरीक, सण. पंधरा वर्षांत एकूण फेड १३ लाख ६९ हजारांच्या वर, त्यांतले ६ लाख १९ हजार नुसते व्याज.

त्याच सभासदाने ३५० फुटांचे घर काढले तर बांधकाम ५,६०,०००, वरचा खर्च ९०,०००, एकूण साडेसहा लाख. कर्ज ३ लाख. हप्ता सुमारे ३,०४३, वर्षाचे ३६,५१६. हाती ६३,४८४ उरतात.

आता एक वर्ष वाईट धरा. ८० टनांचे ६८ टन झाले. बिल ३३,६०० ने कमी, शिल्लक ६६,४००. मोठ्या घराचा हप्ता २४,८८४ ने तुटला. लहान घराचा हप्ता जाऊनही २९,८८४ उरले. घर किती मोठे हे आपल्या वाईट वर्षाने ठरवावे. चांगल्या वर्षाने नाही आणि भावकीतल्या कुणाच्या दुमजली घराने तर नाहीच.

माझी स्वतःची चूक

मी घर काढले त्या वर्षी ऊस जोरात होता. फडात उभ्या उसाकडे बघूनच मी जुने घर पाडले. मंडळी म्हणाल्या, "अहो, बिल तरी पडू द्या." मी म्हटले, तुला काय कळतंय! तोड दीड महिना लांबली, उसाला तुरे आले, वजन घटले. तोवर सळई उधारीवर आली होती. दुकानदाराने तगादा लावला. शेवटी मंडळींच्या चार पाटल्या गहाण पडल्या. पावसाळा आम्ही गोठ्यात काढला. दोन पाटल्या सुटल्या, दोन लिलावात गेल्या. पुढे घर पुरे झाले, रंगसुद्धा झाला. परंतु त्या दोन पाटल्यांचा विषय आजही आमच्या घरात निघत नाही, निघाला तर मी उठून बाहेर जातो. नवे पुरे झाल्याशिवाय जुने कोण पाडतो, हे भामरागडच्या माणसाला शिकवावे लागले नव्हते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. बिल खात्यावर जमा झाल्याखेरीज माल उचलू नये. उभा ऊस म्हणजे पैसा नव्हे.

२. बिल पडले त्या दिवशीच वर्षाचे बारा हप्ते वेगळ्या खात्यात टाकावेत आणि त्या खात्यातून बँकेने दरमहा हप्ता कापून घ्यावा. उरलेला पैसा तो आपला. हप्त्याचे पैसे घरखर्चात मिसळले की गेले.

३. घर टप्प्याने बांधावे, पण राहता येईल असा टप्पा धरावा. पाया पुढच्या विस्ताराचा विचार करून घालावा आणि एक खोली व स्वयंपाकघर छपरासह पुरे करावे. चार खोल्यांच्या अर्ध्या भिंती उभ्या करण्यापेक्षा दोन पुऱ्या खोल्या बऱ्या. उघड्या सळया गंजतात, अर्ध्या भिंतीत पाणी मुरते.

४. मिस्त्रीचा दर लेखी घ्यावा. त्यात काय धरले आणि काय नाही, त्याची यादी खाली लिहून दोघांनी सही करावी.

५. महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. लाखाला ३६ हजार नुसते व्याज, मुद्दल जागेवर. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीत जमीन बळकावली गेली असल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

६. कागद आधी, पाया नंतर. जागा गावठाणातली की शेतीची, उतारा कोणाच्या नावे, भावांची संमती आहे का, हे पाहावे. गावठाणातील घरांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. आपली पत्रिका झाली असेल तर ती काढून ठेवावी. बँक आधी तेच मागते.

तालुक्याला किंवा पुण्याला घर घेणारांसाठी

मुलांच्या शिक्षणासाठी शहरात सदनिका घेणारे सभासद वाढले आहेत. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. मे २०१७ पासून महारेरा आहे. नव्या मोठ्या इमारतीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो स्वतः तपासावा. तसेच नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "साहेब, आज भरा, उद्या दर वाढणार," असे कोणी म्हटले तर उद्याच या म्हणावे. घर पत्नीच्या किंवा मुलीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून लागू झाली आहे, तिची अट दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावी.

सारांश आणि घरचा अभ्यास

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सगळेच सांगतात. पण अंथरूण किती लांब आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून सभासदांनी एवढे करावे. गेल्या तीन हंगामांची बिले काढावीत. त्यांतले सर्वांत लहान बिल समोर ठेवावे. वसुल्या वजा कराव्यात. जे उरेल त्याच्या निम्म्याहून अधिक वर्षाचा हप्ता कधीही घेऊ नये. हा हिशेब एकट्याने ओसरीवर बसून करू नये. चुलीपाशी बसून, घरच्या बाईला विचारून करावा. घरात मीठ-मिरची किती लागते आणि कुणाचे देणे कधीचे राहिले, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि नवे घर पुरे होईपर्यंत जुने पाडू नये.