स्वादुपिंडाचा शोथ

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पसरलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची एक ग्रंथी असते. तिला स्वादुपिंड म्हणतात; काही ग्रंथांत अग्निपिंड असेही नाव आढळते. या ग्रंथीची कामे दोन. तिच्यातील लहान लहान पेशीपुंज इन्शुलीन निर्माण करून रक्तातील साखरेचे नियमन करतात. उरलेला मोठा भाग पाचक रस तयार करतो. हा रस नलिकेवाटे लहान आतड्याच्या आरंभी उतरतो व अन्नातील प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन करतो.

रस उलटतो कसा?

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. प्रथिने पचविणारा रस ज्या ग्रंथीत तयार होतो ती स्वतःही प्रथिनांचीच बनलेली असते. मग ती पचून का जात नाही? याचे उत्तर असे की, हा रस ग्रंथीत निद्रिस्त असतो. त्यातील ट्रिप्सिनोजेन हे द्रव्य आतड्यात पोहोचल्यावरच ट्रिप्सिन बनते, आणि मग ट्रिप्सिन इतर एंझाइमांना जागे करते. थोडेसे ट्रिप्सिन ग्रंथीतच तयार झाले, तर त्याला आवर घालणारे द्रव्यही तेथे सिद्ध असते. ही व्यवस्था कोलमडली म्हणजे रस आपल्याच घरावर उलटतो. ग्रंथी सुजते, तिच्यातील पेशी मरतात. यालाच तीव्र शोथ म्हणतात. या आत्मपचनाची कल्पना हान्स किआरी यांनी १८९६ साली मांडली.

कारणे

पित्ताचे खडे व मद्यपान ही दोन कारणे प्रमुख होत. पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकाच द्वाराशी आतड्याला मिळतात. तेथे खडा अडकला, तर शोथ उद्भवू शकतो, हे यूजीन ओपी यांनी १९०१ साली दाखवून दिले. रक्तातील ट्रायग्लिसराइडे फार वाढल्यानेही हा विकार होतो.

भारतात याचा आणखी एक प्रकार आढळतो. केरळात मद्याला न शिवलेल्या तरुणांनाही जीर्ण शोथ होतो, नलिकेत खडे साचतात आणि पुढे मधुमेह जडतो. डॉ. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रथम संशय टॅपिओकाच्या कंदावर गेला. पुढे अनेक रुग्णांत, ट्रिप्सिनला आवरणाऱ्या द्रव्याच्या जनुकातच दोष आढळला.

लक्षणे आणि विलंब

पोटाच्या वरच्या भागात अकस्मात तीव्र वेदना सुरू होते, ती पाठीकडे जाते व तासन्‌तास थांबत नाही. वारंवार उलट्या होतात. पुढे वाकून बसल्यास थोडा आराम वाटतो. अशा वेळी ‘गॅस झाला’ असे समजून ओवा वा सोडा घेण्याचा प्रघात घरोघर आहे. रायपूरमधील पुरानी बस्तीचेच उदाहरण घ्या. महामाया मंदिराच्या परिसरातील ही वस्ती शहरातील जुनी. त्याच शहरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय व २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. म्हणजे उपचार दूर नाहीत. पण घरात गेलेला वेळ कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही.

निदान व उपचार

रक्तातील अमायलेज वा लायपेज कमाल प्राकृत मर्यादेच्या तिपटीहून वाढलेले आढळले, की वेदनेचा अर्थ उलगडतो. संशय उरल्यास सी. टी. स्कॅनचे साहाय्य होते. शिरेवाटे द्रव देणे व वेदना शमविणे हे पहिले उपचार. पूर्वी रुग्णाला अनेक दिवस उपाशी ठेवीत. आता सोसेल तितके अन्न लवकर सुरू करतात. पाचांपैकी सुमारे चार रुग्णांचा विकार सौम्य असतो व ते साधारणतः आठवड्याभरात सुधारतात. उरलेल्यांत मूत्रपिंडे व फुफ्फुसे निकामी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. कोणता रुग्ण कोणत्या गटातला, हे आरंभी घरी ओळखता येत नाही. म्हणूनच त्वरा करावयाची.

झटका ओसरल्यावर कारण दूर करणे आवश्यक असते. पित्ताचे खडे असल्यास पित्ताशय काढून टाकतात. मद्य व तंबाखू कायमची सोडावी लागतात. जीर्ण शोथात जेवणाबरोबर एंझाइमांच्या गोळ्या व गरजेनुसार इन्शुलीन देऊन, ग्रंथीचे गेलेले काम बाहेरून चालवितात.