कालवडीचा हिशेब : गोठ्यातले भांडवल वाया घालवू नका

व्यापारी बंधूंना एक गोष्ट वेगळी सांगायची गरज नाही. माल गोदामात जितके दिवस पडून राहतो, तितका तो महाग पडतो. दुकानात हा हिशेब आपण रोज करतो, पण घरामागच्या गोठ्यात शिरलो की तो विसरून जातो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मागाच्या किंवा दुकानाच्या जोडीला दोन-चार दुभती जनावरे असतात. मंदीच्या दिवसांत कित्येक घरांचा खर्च दुधावरच निघतो. मात्र गाय किंवा म्हैस विकत घेताना जी काळजी आपण घेतो, ती गोठ्यात जन्मलेल्या कालवडीची किंवा पारडीची घेत नाही. ती आपोआप वाढेल, असे समजतो. या मालावर तोटा तीन ठिकाणी होतो. ते तीनही ठिकाण आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

पहिला तोटा : वासरू दगावणे

सर्वांत जास्त धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो. गाय-म्हशीच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. ती फक्त चिकातून मिळते, आणि आतड्यांतून ती शोषून घेण्याची ताकद जन्मानंतर साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक तास-दोन तासांच्या आत पाजावा. वार पडेपर्यंत थांबू नये. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात मिळून सुमारे ३ लिटर चीक पोटात गेला पाहिजे. नाळ दोन-तीन बोटे ठेवून स्वच्छ हत्याराने कापावी व तिला टिंक्चर आयोडिन लावावे.

पारडांना मोठे गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. हगवण लागून पारडू खंगत जाते आणि मालक नशिबाला दोष देतो. दहा ते चौदा दिवसांचे असतानाच डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावे व सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला चालू ठेवावे.

आता दुधाचा प्रश्न. शहरांतील तबेल्यांत दूध विकण्याच्या घाईत पारडांना पुरेसे दूध मिळत नाही व चांगल्या जातीच्या म्हशींची पिल्ले हकनाक मरतात. हिशेब करून पाहा. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध दोन महिने पाजले तर सुमारे २०० लिटर लागते. रोज ८ लिटर देणारी म्हैस तेवढे दूध २५ दिवसांत देते. पंचवीस दिवसांच्या दुधासाठी अनेक वेतांची म्हैस गमावणे, हा कोणता व्यापार?

दुसरा तोटा : वाढ रेंगाळणे

दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे थोडा थोडा वासरांचा खुराक, कोवळा चारा आणि स्वच्छ पाणी ठेवावे. नुसत्या दुधावर पोटाचा मोठा कप्पा तयार होत नाही, तो खुराकाने तयार होतो. वासरू रोज किलोभर खुराक खाऊ लागले की दूध हळूहळू तोडावे.

संकरित कालवड साधारण २७० किलोची झाली की भरवण्यास योग्य होते. ३० किलोपासून २७० पर्यंत २४० किलो वाढायचे असते. रोज ५०० ग्रॅम वाढली तर ४८० दिवस लागतात, ४०० ग्रॅम वाढली तर ६०० दिवस. फरक १२० दिवसांचा. हे चार महिने ती खात राहते आणि देत काही नाही. म्हशीच्या वगारीला यापेक्षा जास्त काळ व सुमारे ३०० ते ३५० किलो वजन लागते. उलट, नुसती पेंड चारून लठ्ठ करणेही चुकीचे आहे. कासेत चरबी भरली की पुढे दूध कमी होते.

वजनकाटा नसेल तर कापड मोजण्याची फीत पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा. मग खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर अंदाजे किलोत येते. घेर ६० व लांबी ४८ इंच असेल तर वजन सुमारे २६२ किलो भरते. दर महिन्याला मोजले की वाढ कोठे थांबली ते लगेच कळते.

तिसरा तोटा : कालवड वांझ निघणे

गाईला जुळे झाले आणि त्यांत एक गोऱ्हा, एक कालवड असेल, तर शंभरांतल्या नव्वदांहून अधिक वेळा ती कालवड वांझ असते. बाजारात कालवड घेताना हा प्रश्न जरूर विचारावा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची व २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूचीही कत्तल बंद आहे. त्यामुळे वांझ कालवडीत गुंतलेली रक्कम बाहेर निघत नाही, हे ध्यानात ठेवूनच सौदा करावा. खरेदीची पावती, कानातल्या १२ आकडी बिल्ल्याची नोंद आणि वाहतुकीचे कागद जपून ठेवावेत. तोंडी सौद्यावर जनावर गाडीत चढवू नये.

दुसरे कारण सांसर्गिक गर्भपाताचा रोग. यावरची लस फक्त मादी वासरांना, वयाच्या चार ते आठ महिन्यांत, आयुष्यात एकदाच देतात. ती जिवंत लस असल्याने पशुवैद्यकानेच टोचावी. हा रोग कच्च्या दुधातून व वार हाताळताना माणसालाही होतो. या लसीसाठी आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.

आमची सूचना एवढीच की, दुकानाच्या खातेवहीत प्रत्येक कालवडीसाठी एक पान उघडा. जन्मतारीख, चीक पाजल्याची वेळ, जंताचे औषध, लस, दरमहाचे वजन, माजाची तारीख आणि भरवल्याची तारीख त्यावर लिहा. भरवल्यापासून गाय नऊ महिने नऊ दिवसांनी व म्हैस साधारण दहा महिने दहा दिवसांनी विते, तो दिवसही आधीच मांडून ठेवा. दोन-अडीच वर्षांनी ते पान वाचाल, तेव्हा विकत आणलेल्या जनावरापेक्षा घरची कालवड किती स्वस्त पडली, हे कोणाला विचारावे लागणार नाही.