घाम गळतो, पण सुकत नाही

घामाच्या धारा लागल्या म्हणजे अंग थंड होतंय, असं मुंबईत जो तो धरून चालतो. माझा जन्म भायखळ्यात गेला, नोकरी वॉर्डात परिचारिका म्हणून झाली आणि हा समज मला घरी, दारी, वॉर्डात सगळीकडे भेटला. घाम गळून थंडावा येत नाही, तो सुकला तर येतो. एक लिटर घाम अंगावरच्या अंगावर सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून लादीवर टपकला, तर पाणी आणि मीठ तेवढं जातं, उष्णता अंगातच राहते. नागपूरला ४४ अंशांत शर्ट पाठीवर वाळतो. आपल्याकडे पावसाआधीच्या कोंदट दिवसांत पारा ३४ वर असला, तरी गॅलरीतला पंचा वाळता वाळत नाही. त्या हवेत माणसाची काय कथा! १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा पाऱ्याने चाळिशीही गाठली नव्हती.

माणसाला निदान अंगभर घाम तरी येतो. कुत्र्याला तो फक्त पंजांच्या गाद्यांना, म्हणजे नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापेवर. ओली जीभ आणि नाकातल्या ओल्या पडद्यांवरून वारा खेळवायचा आणि वाफेबरोबर उष्णता बाहेर टाकायची. मग ज्याचं नाकच चेपलेलं, त्या पगने काय करावं?

आमच्या मजल्यावर असा एक पग होता, टायगर नावाचा. (वजन मांजराएवढं, पण नाव टायगरच.) मेमधल्या एका दुपारी इमारतीची वीज गेली. घरची मंडळी बाहेर, खिडक्या बंद. शाळकरी मुलगा घरी आला आणि पाचच मिनिटांत माझ्या दारात. “काकू, टायगर बघा ना कसा करतोय!”

टायगर मागच्या पायांवर उभा राहू शकत नव्हता. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत होती, जांभळं खाल्ल्यासारखी काळीनिळी. लाळ घट्ट, तारेसारखी. मुलाने त्याला ओल्या टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलं होतं. कोणीही तेच केलं असतं. मी टॉवेलखाली हात घातला, तर आत वाफारा! टॉवेल अंगाच्या उष्णतेने तापला होता आणि वाऱ्याला आत शिरायला जागा नव्हती. आम्ही तो काढून फेकला. टायगरला मोरीत लादीवर ठेवलं, पिंपातलं पाणी तांब्याने सतत अंगावर ओतलं, पोटाखाली आणि जांघेत जास्त. मुलगा वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता. तोंडात पाणी मात्र ओतू दिलं नाही. शुद्ध हरपत चाललेल्या जिवाच्या ते फुप्फुसात उतरतं. मग टॅक्सीच्या सगळ्या काचा खाली करून, ओला टायगर मांडीवर घेऊन परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं. तिथे ताप १०६च्या वर भरला. कुत्र्याचा एरवीचा १०१ ते १०२.५. टायगर वाचला. पण डॉक्टरांनी बजावलं की उष्माघाताचा घाव मूत्रपिंडावर दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतो, तेव्हा उठून बसला म्हणून गाफील राहू नका.

आधी थंड करायचं, मग न्यायचं. हाच क्रम माणसालाही लागू आहे.

राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हापासून पाहुणे मला विचारतात, “बिचाऱ्यांना इथला उकाडा सोसतो का हो?” ते १६-१८ अंशांत राहतात, त्यांच्या विजेचं बिल महापालिका भरते. शिवाय ते बर्फातले नाहीतच. पेरू-चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचे आहेत. चोचीच्या बुडाशी त्यांची गुलाबी कातडी उघडी असते, तिथून ते उष्णता सोडतात. मला काळजी असते ती बागेबाहेरच्या तारेवर चोच उघडी टाकून बसलेल्या कावळ्याची. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. पाणी वाचवण्यात मात्र ते आपल्यापेक्षा सरस. आपल्यासारखी पातळ लघवी न करता ते पांढरा दाट लगदा टाकतात, तोच तो गाडीच्या टपावरचा. पण उघड्या चोचीतून वाफ जातच राहते, म्हणून गॅलरीत पसरट मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर पक्ष्यांआधी डेंग्यूचे डास येतील. उन्हाने पडलेली घार किंवा कबूतर सापडलं, तर चोचीत पाणी घालू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा आणि परळला पोचवा.

आता घरातले म्हातारे. वयाबरोबर तहान लागणंच कमी होतं, म्हणून आजी-आजोबांना “पाणी हवंय का?” असं विचारू नका, हातात पेला द्या. रक्तदाबासाठी लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. परस्पर बंद करू नका. खूप घाम गेलेल्याला नुसतं पाणी ढोसायला लावू नका, ओआरएस द्या. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भाजतंय असं लागलं, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं असेलच असं नाही. अंगमेहनत करणाऱ्याला उष्माघातातही घाम सुटलेला असतो आणि तिथेच घरचे फसतात. क्रोसिन देत बसू नका, हा ताप त्या गोळीचा नाही. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ धरा. गाडी दारात येईपर्यंत हात थांबवायचा नाही.